गोंदिया ते कोल्हापूर : हवाई अंतर ८३० किलोमीटर, पण वेळ किती?

महाराष्ट्राच्या नकाशावर गोंदिया पूर्वेच्या टोकाला आहे आणि कोल्हापूर दक्षिणेच्या टोकाला. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहे. गोंदियाचा बिरसीला, कोल्हापूरचा उजळाईवाडीला. या दोन धावपट्ट्यांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर भरते. लहान विमानतळांवर चालणारे एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. हिशेब सोपा आहे. उडणे-उतरणे धरून दोन तास, फार तर त्यावर पाच-दहा मिनिटे. हाच प्रवास महाराष्ट्र एक्सप्रेसने केला तर ती नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज असा राज्याला वळसा घालून सुमारे साडेतेराशे किलोमीटर चालते. सकाळी गोंदियाहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला उतरतो. अठ्ठावीस तासांचा मामला आहे.

दोन तास कुठे आणि अठ्ठावीस तास कुठे! १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले, त्याच उन्हाळ्यात नागपूर-कोल्हापूर थेट विमान जाहीर झाले, आणि तेव्हापासून गांधीबाग, इतवारी, मोमीनपुरा इथल्या दुकानांत ही तुलना सर्रास ऐकू येते. अमरावतीला मिळाले, कोल्हापूरला मिळाले, मग गोंदियाला का नाही, अकोल्याला का नाही, असे जो तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण तो अंतराचा प्रश्न म्हणून विचारला जातो, आणि आमच्या मते व्यापाऱ्याचे नुकसान इथूनच सुरू होते.

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तिथे फासला आणि मसाफत असे दोन शब्द कानावर पडत. फासला म्हणजे दोन ठिकाणांमधली मोकळी जागा. ती नकाशावर पट्टी ठेवून मोजता येते. मसाफत म्हणताना मात्र त्यात मुसाफिराचे चालणे, थांबणे, दमणे सारे आपोआप येई. विमान कंपनीचे वेळापत्रक आणि पुढाऱ्यांची भाषणे फासल्याबद्दल बोलतात. व्यापाऱ्याने विचार करायचा तो मसाफतीचा.

नागपूरचा कापडबाजार बाहेरच्या मालावर उभा आहे हे सांगायला नको. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे मॉडेल मिल आली. मोमीन आणि कोष्टी विणकरांचे हातमाग घरोघरी होते. त्या काळी नागपूरच्या व्यापाऱ्याला कापड बघायला चार गल्ल्या ओलांडाव्या लागत. त्या गिरण्यांचे भोंगे थांबून आता बराच काळ लोटला. आज आमच्या फडताळातला माल सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि बऱ्हाणपूर इथून येतो. यांतले इचलकरंजी कोल्हापूरच्या विमानतळापासून तीसेक किलोमीटरवर आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग लावला आणि त्या गावाने पुढे सारा मुलूख यंत्रमागांनी भरून टाकला. पॉपलीन, धोतर, शर्टिंग, ग्रे कापड, काय हवे ते तिथे विणले जाते. म्हणून कोल्हापूरचे अंतर हा आमच्या बाजाराला रोजच्या व्यवहाराचा विषय आहे, सहलीचा नव्हे.

आता एक गंमत पाहा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सरळ रेषेत सुरत सुमारे ६५० किलोमीटर, मुंबई सुमारे ६८० आणि कोल्हापूर सुमारे ७०० किलोमीटर आहे. तिन्ही अंतरे जवळजवळ सारखी. मुंबईला मात्र दिवसाकाठी अनेक विमाने, तीही मोठी जेट. आणि कोल्हापूरला कित्येक वर्षे एकही नव्हते. अंतराने विमान ठरत असते तर असा फरक पडला नसता. विमान ठरते रोज किती माणसे जातात त्यावर, आणि ती माणसे तिकिटाला किती पैसे मोजतात त्यावर.

विमानाचा वेग हा तर सर्वांत लहान मुद्दा आहे. गोंदिया-कोल्हापूर मार्गावर एटीआरऐवजी जेट घातले, तरी चढायला, उतरायला आणि धावपट्टीवर सरपटायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. मधल्या टप्प्यात अर्धा-पाऊण तास वाचेल, त्यापेक्षा जास्त नाही. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, त्यामुळे कोल्हापूरहून पूर्वेकडे येताना काही मिनिटे कमी लागतील आणि जाताना काही मिनिटे जास्त. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या विमानतळावर उपकरणांच्या आधारे उतरण्याची पुरेशी सोय नसते, तिथे धुके पडले किंवा ढग खाली आले की विमान दुसरीकडे वळवले जाते. तसा एक दिवस आला की वर्षभर वाचवलेली मिनिटे एकाच दुपारी बुडतात.

खरा वेळ जातो तो दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत.

हे जरा सविस्तर मांडतो, कारण आमचे बरेच व्यापारी बंधू तिकीट काढताना हे पाहत नाहीत. समजा, नागपूरहून कोल्हापूरला आठवड्यातून तीनच दिवस विमान आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तुम्ही सोमवारी गेलात. दुपारपर्यंत इचलकरंजी गाठली, चार मागवाल्यांकडे माल पाहिला. मंगळवारी दुपारी सौदे पुरे झाले. आता परतीचे विमान बुधवारी. मंगळवारची संध्याकाळ आणि रात्र लॉजवर काढा. बुधवारी घरी आलात, म्हणजे तीन तारखा गेल्या. आता आगगाडीचा हिशेब. रविवारी सकाळी नागपूरहून बसलात, सोमवारी दुपारी हातकणंगल्याला उतरलात, सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ काम केले, मंगळवारी दुपारची परतीची गाडी धरली, बुधवारी संध्याकाळी घरी. चार तारखा गेल्या. म्हणजे दोन तास विरुद्ध अठ्ठावीस तास ही तुलना प्रत्यक्षात तीन दिवस विरुद्ध चार दिवस एवढ्यावर येते. वाचला एक दिवस, आणि तिकिटाचे पैसे कितीतरी पटीने. आणि बुधवारचे विमान रद्द झाले तर शुक्रवारपर्यंत अडकलात. मग आगगाडीच बरी होती असे म्हणायची पाळी.

तेच विमान रोजचे असेल, तर सोमवारी जाऊन मंगळवारी परत. दोन दिवस. आणि सकाळी एक, संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या असतील, तर सकाळी जाऊन त्याच रात्री घरी. हवाई अंतर तिन्ही वेळी तेवढेच, विमान तेच, उड्डाणाचा वेळही तोच. बदलले फक्त वेळापत्रक.

म्हणून आमचे म्हणणे असे की व्यापारी संघटनांनी निवेदन देताना नुसते 'विमान द्या' म्हणू नये. किती दिवस, कोणत्या वेळी, आणि जाण्याची वेळ बाजाराशी जुळते का, हे मागावे. दुपारी दोनला पोहोचणारे विमान कापडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने संध्याकाळी पोहोचल्यासारखेच. तोपर्यंत मागवाल्याची पाळी बदललेली असते, मालक बँकेतून नाहीतर सायझिंगमधून परतलेला नसतो, आणि दिव्याच्या उजेडात ग्रे कापडातला दोष दिसत नाही.

गोंदियाची गोष्ट याहून बोलकी आहे. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्या काळात तिथे मोठी धावपट्टी झाली, इमारत झाली, वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आली. शिकाऊ विमाने वर्षानुवर्षे घिरट्या घालत राहिली आणि गोंदियाचा धानाचा व्यापारी खालून बघत राहिला. प्रवासी विमान आले ते १३ मार्च २०२२ रोजी, फ्लाय बिग कंपनीचे, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. ते काही महिन्यांतच बंद पडले. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद आणि पुढे तिरुपती असे विमान सुरू केले. धावपट्टी आधी आणि विमान इतक्या वर्षांनी! अकोल्यात शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडला. तिथल्या व्यापाऱ्यांनी गोंदियाचा हा इतिहास जरूर वाचावा. धावपट्टी लांब झाली की विमान येईलच असे नाही.

गोंदियाहून कोल्हापूरला थेट विमान नाही, पण दोन्ही गावांना हैदराबादची जोड मिळाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोंदिया-हैदराबाद हवाई अंतर सुमारे ५१५ किलोमीटर, हैदराबाद-कोल्हापूर सुमारे ४४५. बेरीज ९६०. म्हणजे हैदराबादचा वळसा घेतला तरी सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर जास्त. हवेत एकूण अडीच तासांच्या आसपास. महाराष्ट्रातल्या एका टोकाच्या माणसाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी तेलंगणात उतरावे, याचे काहींना वाईट वाटते. आम्हाला त्याचे काही वाटत नाही. व्यापारी माणूस रस्ता कुठून जातो हे पाहत नाही, माल वेळेवर पोहोचतो का ते पाहतो. दुःख एवढेच की ही दोन विमाने एकमेकांची वाट पाहतील अशी बांधलेली नसतात. हैदराबादला दीड तासात जोड मिळाली तर गोंदियाचा माणूस साडेचार-पाच तासांत कोल्हापुरात. जोड हुकली तर हैदराबादला मुक्काम. अंतर वाढले सव्वाशे किलोमीटरने, आणि वेळ वाढू शकते वीस तासांनी.

जोड बांधणे ही काय चीज आहे हे नागपूरकरांना तरी कुणी शिकवायला नको. ३० जानेवारी १९४९ पासून याच सोनेगावच्या धावपट्टीवर रात्रीची हवाई टपाल सेवा चालत असे. त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते; ही योजना त्यांच्याच आग्रहाने झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला येत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जात, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला. तेव्हाची डाकोटा विमाने आजच्या एटीआरपेक्षाही किती सावकाश होती! तरीही काम झाले, कारण चार वेळापत्रके एकाच घड्याळाला बांधली होती. एक विमान उशिरा आले तर बाकीची थांबत. आमच्या वडीलधाऱ्या पिढीतले लोक मध्यरात्री सोनेगावला नुसती विमाने बघायला जात असत.

ही सेवा १९७३ पर्यंत चालली. जेट विमाने आली, मुंबईहून कलकत्त्याला थेट जाणे सोपे झाले आणि नागपूरला उतरण्याची गरज राहिली नाही. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला जो फायदा होता तो विमानांचा वेग वाढल्यावर निम्मा गेला. आता ती विमाने आमच्या डोक्यावरून जातात. ज्यांना वाटते की नागपूर मध्यभागी आहे म्हणून सगळे आपोआप इथे येईल, त्यांनी हे विसरू नये. मात्र लहान गावांसाठी ती जुनी युक्ती आजही चालण्यासारखी आहे. गोंदिया, अमरावती, नांदेड, जळगाव, कोल्हापूर या गावांना एकमेकांशी जोडायला प्रत्येक जोडीसाठी वेगळे विमान लागणार नाही. दिवसातून एकदा सर्वांची लहान विमाने एका ठिकाणी तासाभराच्या फरकाने आली की पुरे. ते ठिकाण नागपूर का असू नये?

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. 'उडान' योजना २०१६ साली आली, पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली, आणि त्या पहिल्या दिवसाच्या विमानांत नांदेड-हैदराबादही होते. तासाभराच्या म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला विमानातल्या ठरावीक आसनांसाठी सुरुवातीला २,५०० रुपये कमाल भाडे ठरवले होते. कंपनीला होणारी तूट तीन वर्षे भरून द्यायची, आणि त्यासाठी मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकार बसवायचा, अशी ती रचना. हेतू चांगला होता. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचून पाहावा. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतर, मार्च २०२३ पर्यंत, तग धरून राहिलेले मार्ग फक्त ५४. नांदेडचे ते पहिले विमान चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. जळगावला २३ डिसेंबर २०१७ रोजी मोठ्या थाटात मुंबईचे विमान सुरू झाले, तेही टिकले नाही.

या आकड्यांचा व्यापाऱ्याने घ्यायचा अर्थ सरळ आहे. उधारीवर माल देताना आपण पार्टीची पत पाहतो ना? मग नव्या विमानसेवेवर हंगामाची खरेदी टाकतानाही पत पाहावी. ईदच्या आधीच्या महिन्यात किंवा लग्नसराईच्या तोंडावर ज्याचे सौदे करायचे आहेत, त्याने विमानाच्या तिकिटाबरोबर परतीचे आगगाडीचे आरक्षणही करून ठेवावे. विमान रद्द झाल्याचा निरोप आदल्या रात्री मोबाइलवर येतो. पैसे परत मिळतात, पण हुकलेला सौदा परत मिळत नाही. एका कंपनीच्या अशा निरोपामुळे आमचा शर्टिंगचा एक सौदा तीन दिवसांनी पुढे गेला आणि तेवढ्यात सुताचा भाव चढला. ते नुकसान कुणाच्या खात्यावर लिहायचे?

आता कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? माल तर ट्रकनेच येतो, बिल्टी येते, पैसे बँकेतून जातात, नमुन्याचे फोटो मोबाइलवर येतात. माणसाने जायची गरजच काय? हे बोलणारे बहुधा मोठे घाऊक व्यापारी असतात, ज्यांचा मुंबईत माणूस आहे, इचलकरंजीत आडत्या आहे, सुरतेत भागीदार आहे. लहान दुकानदाराची गोष्ट वेगळी. त्याला जाता येत नाही म्हणून तो दलालाकरवी घेतो. दलाली एक-दोन टक्के असेल, ती दिसते. न दिसणारे नुकसान वेगळेच आहे. फोटोत रंग दिसतो. हात दिसत नाही. पन्हा दोन बोटे कमी आहे, पीक कमी टाकले आहे, खळ जास्त देऊन कापड जड केले आहे, हे बोटांत धरल्याशिवाय कळत नाही. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि गिऱ्हाईक ताका घेऊन दुकानात उभे राहते. तो दलालाकडे जात नाही, तो आमच्याकडे येतो.

दुसऱ्या बाजूला तो मागवाला. दहा-बारा मागांचा मालक, दोन पाळ्या चालवतो, सूत उधारीवर घेतो. त्याचे पैसे नागपुरात अडकले तर चार दिवस माग सोडून येणे त्याला परवडत नाही. मग तोही वसुलीसाठी कुणा मधल्या माणसावर अवलंबून राहतो. म्हणजे दोन्ही टोकांचे लहान लोक प्रवासाच्या अठ्ठावीस तासांची किंमत मधल्या माणसाला देतात. आम्ही दलालांच्या विरोधात नाही. या धंद्यात पिढ्यानपिढ्या इमानाने काम करणारे दलाल आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या शब्दावर लाखांचा माल उचलला आहे. पण ज्याला स्वतः जाऊन बघायचे आहे त्याला ते शक्य असावे. वर्षातून दोनदा जरी दुकानदार मागापर्यंत पोहोचला आणि एकदा मागवाला आमच्या बाजारात येऊन गेला, तरी दोघांची भाषा बदलते. भावावरून घासाघीस होते, पण फसवणूक कमी होते.

भंडारा-गोंदियाकडच्या कारीगरांचा तर विमानाशी आणखी जवळचा संबंध येऊ शकतो. आंधळगावचा कोसा घ्या. कोशाची साडी वजनाला हलकी आणि किमतीला भारी. विमानात साधारण पंधरा किलो सामान आणि हातात सात किलो नेऊ देतात. पॉपलीनची एक गाठही त्यात बसणार नाही, पण कोशाच्या साड्या पुष्कळ बसतात. विणकर स्वतः पेटी घेऊन हैदराबादच्या दुकानदाराकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला, तर तिकीट कदाचित दोन-तीन साड्यांच्या नफ्यात निघून जाईल. हा हिशेब विणकरांच्या सोसायट्यांनी कागदावर करून पाहावा. आम्हाला तर पॉपलीनपेक्षा कोशाला विमान जास्त उपयोगी पडेल असे वाटते.

भिवंडीपुरते म्हणाल तर विमानाचा विचार सोडूनच द्यावा. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी असा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. चार जणांनी मिळून गाडी केली तर सकाळी निघून संध्याकाळी भिवंडीत. विमानाने मुंबईला जायचे, दोन तास आधी विमानतळावर पोहोचायचे, उतरल्यावर मुंबईच्या गर्दीतून भिवंडी गाठायची, यात सारा दिवस जातोच. मालेगावला जवळ विमानतळ नाही आणि बऱ्हाणपूर आगगाडीने सोयीचे. राहता राहिले कोल्हापूर-इचलकरंजी. नागपूरहून रस्त्यानेही लांब आणि गाडीनेही लांब. विमानाची खरी गरज आहे ती याच दिशेला, आणि म्हणून थेट विमानाची बातमी आली तेव्हा आम्हाला आनंद झाला.

हे विमान टिकवायचे असेल तर त्यात बसणारे लोक आपल्यालाच गोळा करावे लागतील. पन्नास-पाऊणशे आसनांच्या विमानात व्यापाऱ्यांची पंधरा तिकिटे नियमित असली तर कंपनी ऐकते. कंपनी एखाद-दुसऱ्या माणसाची तक्रार ऐकत नाही. पण व्यापारी संघटनेने सहा महिन्यांची पक्की मागणी लिहून दिली, आधी पैसे भरण्याची तयारी दाखवली, तर वेळापत्रकावर बोलणी होऊ शकते. गांधीबागचे कापडवाले, इतवारीचे किराणावाले, कोल्हापूरकडून गूळ आणि चपला मागवणारे, शिवाय इंजिन-पंपांच्या सुट्या भागांचे दुकानदार, या सर्वांची मिळून किती माणसे महिन्याला तिकडे जातात याची साधी यादी आजवर कुणी केलेली आमच्या पाहण्यात नाही. ती यादी करायला खर्च येत नाही. दर महिन्याला कोण गेला, कशाने गेला, किती दिवस लागले, विमान असते तर कोणत्या वाराला गेला असता, एवढे चार रकाने पुरेत. पाच-पन्नास दुकानांनी तीन महिने ही वही लिहिली तर हंगामी वेळापत्रक बदलण्याच्या आधी ती घेऊन कंपनीकडे आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांकडे जाता येईल. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतात. ऑक्टोबरच्या बदलासाठी मागणी करायची तर निदान जूनपासून वही लिहायला घ्यावी लागेल.